नदीकाठची खोली

रोहतांग खिंडीजवळ उगम पावणारी बियास नदी मनालीपासून कुलूपर्यंतच्या सुमारे 40 किलोमीटरांत जवळपास 800 मीटर खाली उतरते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी याहून थोडीच अधिक उंची उतरायला 1465 किलोमीटर घेते. कुलूच्या खोऱ्याचा कोणताही विचार या उतारापासून सुरू व्हायला हवा. एवढ्या वेगाचे पाणी दगडगोटे सोबत आणते, पात्रातच टाकते आणि आपणच टाकलेल्या ढिगाऱ्याला वळसा घालून पुढच्या पुरात नवी वाट काढते. खोऱ्याच्या तळाशी दिसणारी सपाट जमीन बहुतेक ठिकाणी नदीचीच जुनी वाट असते. ती पुन्हा धरायला नदीला एक पूर पुरतो.

जुनी गावे या जमिनीवर नाहीत. नग्गर, जगतसुख, वसिष्ठ, जुने मनाली ही सगळी पात्रापासून बऱ्याच उंचीवर, उतारावरच्या नैसर्गिक टप्प्यांवर वसलेली आहेत. सतराव्या शतकापर्यंत कुलूच्या राजांची राजधानी असलेल्या नग्गरचा दगड-लाकडी वाडा 1905 च्या कांगडा भूकंपातही उभा राहिला. लाकडाचा एक थर, दगडाचा एक थर, मध्ये चुना-सिमेंट काही नाही, अशा या बांधणीला तिकडे ‘काठकुणी’ म्हणतात. खाली गुरे, वर सज्जा असलेली माणसांची राहती जागा, अशी घराची रचना. नदीलगतच्या ओलिताच्या जमिनीत जाटू, मटाली या जातींचा लाल भात होई. त्याच्या वर घरे आणि पुढे सफरचंदाच्या बागा, त्याहून वर देवदाराचे जंगल, आणि सगळ्यात वर उन्हाळ्यात मेंढपाळ जातात ती ‘थाच’ नावाची कुरणे. इथला रहिवासी खोरे असे खालून वर वापरत आला. यात पूर्वजांची फार दूरदृष्टी शोधायला नको. ज्यांनी खाली घरे बांधली असतील त्यांची घरे मोजायला आज उरलेली नाहीत, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. पण निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो.

पर्यटक मात्र हे खोरे लांबीने पाहतो. तो नदीकाठच्या महामार्गाने येतो, नदीकाठी उतरतो आणि त्याच रस्त्याने परत जातो. 1989-90 नंतर काश्मीर अशांत झाल्यावर उन्हाळी सुट्टीची गर्दी मनालीकडे वळली आणि हॉटेले झपाट्याने वाढली. महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांची हिमालयाशी पहिली ओळख याच काळात ‘शिमला-कुलू-मनाली’च्या सहलीतून झाली. खिडकीतून नदी दिसणाऱ्या खोलीला भाव अधिक मिळतो, म्हणून इमारती पात्राकडे सरकत गेल्या. याचा सगळा दोष ‘बाहेरच्यां’वर टाकण्याची पद्धत आहे, ती सोयीची आहे, खरी नाही. हिमाचल प्रदेशच्या 1972 च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्यातील कलम 118 मुळे राज्यातील शेतकरी नसलेल्याला तिथे शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. नदीकाठची बरीचशी खाजगी जमीन त्यामुळे स्थानिकांकडेच राहिली. त्यांनी तिथे स्वतः हॉटेले बांधली किंवा बांधून भाड्याने चालवायला दिली. भाताच्या खाचरातून वर्षाला जे मिळते आणि खोल्यांच्या भाड्यातून जे मिळते, त्यांची तुलना केली तर त्यांना दोष देणे कठीण जाते.

नदीलाच हलवण्याचा प्रयत्नही या खोऱ्यात झाला. 1995 च्या पुराच्या सुमारास एका मोटेल कंपनीने आपली जागा वाचवण्यासाठी यंत्रे लावून बियासचा प्रवाह वळवायला घेतला. ज्या जमिनीचा प्रश्न होता तीत भाडेपट्ट्याने मिळालेली वनजमीनही होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये भाडेपट्टा रद्द केला आणि झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याचा आदेश दिला. नदी, किनारे, जंगले ही सरकारची खाजगी मालमत्ता नसून सरकार त्यांचे लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यात ठामपणे मांडले गेले ते या निकालात. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल पाठ असतो. तो ज्या काठावरून निघाला, त्या काठावरचे बांधकाम मात्र त्यानंतरही वाढतच राहिले.

पुराशिवायही हे पात्र धोक्याचे असते. 8 जून 2014 रोजी खोऱ्याच्या खालच्या टोकाला, थलौट येथे, हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे 24 विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या खडकांवर उभे होते आणि वर लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणातून अचानक पाणी सोडले गेले. धरणाखालचे पात्र कोरडे दिसले तरी ते कोरडे राहीलच असे नाही, हे काठच्या माणसाला सवयीने कळते. पाहुण्याला ते कुणीतरी सांगावे लागते, आणि त्या संध्याकाळी ती व्यवस्था कमी पडली.

9 आणि 10 जुलै 2023 च्या अतिवृष्टीत बियासने आपल्या जुन्या वाटा परत घेतल्या. कुलू-मनाली दरम्यान उजव्या काठाचा राष्ट्रीय महामार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, औट येथील जुना पूल गेला, काठावरची दुकाने आणि वाहने गेली, हजारो पर्यटक अडकले. मनालीशी संपर्क पुन्हा जुळला तो डाव्या काठाच्या, नग्गरवरून जाणाऱ्या अरुंद रस्त्याने. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस मनालीजवळ महामार्गाची पुन्हा तशीच गत झाली.

रस्ता तुटण्याचा अर्थही रहिवासी आणि पर्यटक या दोघांसाठी वेगळा असतो. पर्यटकाची सुट्टी मे-जूनमध्ये असते. पावसाळ्यात त्याने येणे टाळले की त्याचा प्रश्न मिटतो. सफरचंद मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उतरते, नेमके दरडी कोसळण्याच्या दिवसांत, आणि ट्रक अडकला की माल वाटेत सडतो. डोंगराचा पायथा कापून केलेल्या रुंद रस्त्याचे कौतुक पाहुणा करतो. त्या कापलेल्या उतारांचे हिशेब बागायतदाराला चुकवावे लागतात. हिवाळ्यातही तेच. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मकरसंक्रांतीनंतर 42 दिवस देव स्वर्गात गेलेले असतात अशी श्रद्धा आहे. त्या काळात जमीन नांगरायची नाही, दूरदर्शनसंच लावायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही. बर्फ पाहायला येणाऱ्यांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यावर ही गर्दी पलीकडच्या लाहौलमध्येही पोहोचली. बोगद्याने लाहौलच्या रुग्णाला हिवाळ्यात दवाखाना दिला, हे विसरून त्याला नावे ठेवणे अप्रामाणिक ठरेल; पण सिस्सू परिसरातील गावांनी हिवाळ्यातील देवकार्याच्या दिवसांत पर्यटन बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, हेही तितकेच खरे आहे.

पर्यटन बंद करा, हा उपाय इथे कुणालाच परवडणारा नाही. आजवरचे बहुतेक उपाय संख्येवर आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेल्या निर्बंधांनुसार रोहतांगला दिवसाला 800 पेट्रोल आणि 400 डिझेल वाहनांनाच परवानगी आहे. त्याचा खिंडीतल्या हवेला आणि बर्फाला उपयोग झाला असेल, पण त्याने खोऱ्याच्या तळाशी एकही वीट कमी झालेली नाही. कुलूचा प्रश्न किती माणसे येतात याहून अधिक ती कोणत्या उंचीवर झोपतात याचा आहे. 2023 ची पूररेषा जमिनीवर खुणा करून दाखवता येते. तिच्याखाली नवे बांधकाम थांबवायचे आणि जुन्या बांधकामांना वर सरकायला मदत द्यायची, हे काम राज्य सरकारचे आहे. ते होईपर्यंत, मे महिन्यात मनालीची सहल ठरवणाऱ्याने आरक्षण करताना खिडकीतून नदी दिसते का, हे विचारू नये. खोली नदीपासून किती उंचावर आहे, ते विचारावे.