समुद्राचा शब्बाथ

शास्त्रभाग : लेवीय २५:१-७, २०-२२



सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवावी, अशी आज्ञा देवाने इस्राएल लोकांना दिली. पेरायचे नाही, तर खायचे काय? घरात लेकरे असणारा कोणीही हे विचारील. शास्त्राने हा प्रश्न लपवलेला नाही, आणि देवाने त्याबद्दल कोणाला दटावलेही नाही. सहाव्या वर्षीच्या पिकावर आशीर्वादाचे वचन दिले.

हाच प्रश्न तामिळनाडूत रामेश्वरमजवळ, मन्नारच्या आखातातील कोळी स्त्रियांपुढे उभा राहिला. बुड्या मारून समुद्रशेवाळ काढायचे व विकायचे, हा त्यांचा कष्टाचा धंदा. १९८६ साली तेथील बेटे सागरी राष्ट्रीय उद्यानात आली आणि पुढे या कामावर बंधने पडली. तेव्हा त्या स्त्रियांनी एकत्र येऊन आपणच आपल्याला मर्यादा घालून घेतली. महिन्यातून बाराच दिवस शेवाळ काढायचे. माशांच्या विणीच्या काळात दीड महिना थांबायचे. धातूच्या हत्याराने खरवडायचे नाही. बोटांना चिंध्या बांधून हातानेच खुडायचे. त्यांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलजी पुरस्कार मिळाला.

जवळच मंडपमच्या किनाऱ्यावर शेवाळाची शेतीही होते. बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या ताणून त्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात. सुमारे ४५ दिवसांत पीक काढणीला येते. खत लागत नाही, गोडे पाणी लागत नाही. निघालेल्या पिकातूनच पुढच्या लागवडीचे बी राखतात. तरी तेथेही जागरूक राहावे लागते. लागवडीचे कप्पाफायकस हे शेवाळ मूळचे परदेशी. ते कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. चांगल्या कामालाही कुंपण लागते.

आपण बुऱ्हाणपूरकर समुद्रापासून दूर राहतो. पण आपली तापी सुरतेपलीकडे समुद्रालाच मिळते, आणि तोच प्रश्न आपल्याही दारी आहे. केळीला पाणी कमी पडले की आपण आणखी खोल बोअर मारतो. मी थांबलो तर शेजारी उपसेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच ध्यानात घ्या, त्या स्त्रियांपैकी कोणी एकटी थांबली नाही. सगळ्या मिळून थांबल्या. लेवीयातील आज्ञाही एकट्यादुकट्या शेतकऱ्याला नव्हती. साऱ्या देशाने एकाच वर्षी नांगर ठेवायचा होता, आणि आपोआप उगवेल त्यात चाकर, परका व गुरेढोरे यांचाही वाटा होता.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांना निर्गम १६ मधील मान्न्याची गोष्ट सांगताना हेही सांगावे : ज्याने थोडे गोळा केले, त्यालाही कमी पडले नाही. आणि मंडळीतील शेतकरी बंधूंनो, एखाद्या रविवारी उपासनेनंतर एकत्र बसा. या उन्हाळ्यात कोणी किती पाणी उपसायचे, हे शेजाऱ्यांनाही बोलावून ठरवा. एकट्याने थांबणे कठीण असते. मिळून थांबण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.