संग्रहाची पूर्ती

घड्याळे जमविणाऱ्याचा संग्रह कधी पुरा होतो काय? सर डेव्हिड सॉलोमन्स या इंग्रज गृहस्थांनी पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराची शंभराहून अधिक घड्याळे जमविली होती. १९१७ साली त्यांना राणी मरी आंत्वानेतच्या नावाने ख्यात असलेले घड्याळ मिळाले. १७८३ साली सांगितलेले ते काम १८२७ साली संपले. तोवर राणीचा वध होऊन ३४ वर्षे लोटली होती.

असे रत्न हाती आल्यावर तरी मन तृप्त व्हावे. परंतु संग्राहकाची दृष्टी भरलेल्या खणावर ठरत नाही, ती रिकामा खण शोधीत असते.

सॉलोमन्स १९२५ साली निवर्तले. पुढे यांतील बरीच घड्याळे त्यांची कन्या व्हेरा हिने स्थापिलेल्या जेरुसलेममधील संग्रहालयात आली. १९८३ साली तेथे चोरी झाली. बहुतेक घड्याळे पुष्कळ वर्षांनी परत मिळाली. आज अनोळखी माणसेही ती पाहू शकतात.

वाचकहो, शेवटची वस्तू मिळाल्याने संग्रह पुरा होत नाही. ‘आता पुरे’ म्हणून मूठ उघडली, की तो पुरा होतो. आपल्या कपाटांनाही हाच न्याय लागू नाही काय?