सरकणारी ओळ आणि क्षणभंगवाद

वेबपृष्ठावरील यादीतली एखादी ओळ वरून खाली सरकताना दिसते तेव्हा खरोखर तीच ओळ सरकते, की तिच्यासारख्या दुसऱ्या ओळीला पाहणारा तीच समजून बसतो, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला तरी भारतीय दर्शनांतील एका जुन्या वादाशी त्याचा थेट सांधा जुळतो. बौद्धांचा क्षणभंगवाद असे मानतो की जे अस्तित्वात आहे ते एकच क्षण टिकते आणि आपल्यासारखा पुढचा क्षण निर्माण करून नष्ट होते; स्थिर भासणारी वस्तू म्हणजे अशा सदृश क्षणांचा प्रवाह, ज्याला 'संतान' म्हणतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, याविरुद्ध 'प्रत्यभिज्ञा' पुढे करतात. काल पाहिलेला देवदत्त हाच, अशी जी ओळख पटते, ती वस्तू टिकून असल्याशिवाय संभवत नाही, असा त्यांचा दावा आहे. कापल्यावर पुन्हा वाढलेली नखे आणि दिव्याची ज्योतही 'तीच' वाटते, मग ओळख पटणे हा पुरावा कसा, असे बौद्धांचे प्रत्युत्तर असते. बौद्ध पंडित ज्ञानश्रीमित्र व रत्नकीर्ती आणि नैयायिक उदयनाचार्य यांच्या ग्रंथांत हा वाद अतिशय सूक्ष्म पातळीवर पोहोचला.

पडद्यावरची ती ओळ ज्यातून उभी राहते, तो कंपोनंट म्हणजे पडद्याच्या एका भागाचे रूप कसे असावे हे सांगणारा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा घटक. फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या रिॲक्ट या लायब्ररीत कंपोनंट हे बहुधा एक फंक्शन असते. माहिती बदलली की ते पुन्हा चालते आणि पडद्याचे नवे वर्णन तयार करते, मात्र आधीच्या वर्णनाची त्याला स्वतःला काहीही आठवण नसते. दोन वर्णनांची तुलना करून त्यांतील भेदापुरताच प्रत्यक्ष पृष्ठात बदल करण्याचे काम लायब्ररी करते. कोणती नवी ओळ कोणत्या जुन्या ओळीची उत्तराधिकारी हे मात्र ओळींच्या रूपावरून ठरत नाही, तर प्रोग्रामरने प्रत्येक ओळीला दिलेल्या 'की' नावाच्या खुणेवरून ठरते. ही खूण म्हणून ओळीचा क्रमांकच वापरला आणि यादीतली पहिली ओळ काढली, तर लायब्ररी शेवटची ओळ गेली असे समजते, उरलेल्या ओळींतला मजकूर एकेक घर वर सरकवते, आणि पहिल्या ओळीतल्या चौकटीत वापरकर्त्याने टंकलेले शब्द भलत्याच नोंदीपुढे उभे राहतात. निघून जाण्याचे ॲनिमेशन लावलेले असेल तर तेही शेवटच्या ओळीलाच लागते. प्रत्यभिज्ञा किती सहज फसते, याचे याहून स्वच्छ उदाहरण बौद्ध पंडितांनाही मिळाले नसते.

तरीही हा बौद्धांचा निर्विवाद विजय ठरत नाही. त्यांच्या मते संतानाची एकता कार्यकारणभावातून येते, कारण आधीचा क्षण पुढच्याचे उपादान, म्हणजे ज्यातून तो घडतो ते कारण, असतो. येथे मात्र ती एकता पडद्यामागच्या माहितीतून, बहुधा नोंदीच्या कायम क्रमांकातून, उसनी आणलेली असते. टिकणारे द्रव्य म्हणजे ती नोंद आणि ओळ ही तिची पालटती अवस्था, असे नैयायिकाला म्हणता येते, आणि ते म्हणणे टाकाऊ नाही.

गतीच्या बाबतीत भास अधिक उघडा पडतो. वेब-विकासक पॉल लुईस यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फ्लिप' पद्धतीत घटकाची जुनी जागा मोजून नवी मांडणी तत्काळ केली जाते, मग नवी जागा मोजून दोहोंमधले अंतर उलट दिशेने लावले जाते, म्हणजे घटक जुन्याच जागी असल्यासारखा दिसतो, आणि शेवटी तो उलटा फरक हळूहळू शून्यावर आणला जातो. मांडणीच्या दृष्टीने घटक प्रवास सुरू होण्याआधीच पोहोचलेला असतो. पाहणाऱ्याला दिसतो तो प्रवास ६० हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे १६.७ मिलिसेकंदांच्या अंतराने येणाऱ्या स्थिर चित्रांचा. क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये आणलेल्या व्ह्यू ट्रान्झिशन सुविधेत तर जुन्या अवस्थेचे गोठवलेले चित्र नव्या अवस्थेच्या चित्रात विरघळवले जाते, आणि दोन्ही अवस्थांतल्या घटकांना एकच नाव दिले की ते सर्वस्वी भिन्न असूनही एकच घटक रूप पालटतो आहे असे वाटते. याला फसवणूक म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्या भासामुळेच वापरकर्त्याला कोणती गोष्ट कुठे गेली ते कळते. बौद्ध परिभाषेत हे संवृतिसत्य, म्हणजे व्यवहारापुरते खरे.

नाश हा या वादाचा सर्वांत नाजूक भाग आहे. बौद्धांच्या मते विनाश निर्हेतुक असतो, वस्तू स्वभावतःच नष्ट होते, मुसळ घटाचा नाश करत नाही. उलट नैयायिकांच्या मते 'प्रध्वंसाभाव', म्हणजे नाशानंतरचा अभाव, कारणातून उत्पन्न होतो. रिॲक्टमध्ये 'ही ओळ पुसून टाक' असे कंपोनंट सांगत नाही, नव्या वर्णनात तिचा उल्लेख नसतो एवढेच, आणि ती तत्काळ जाते. म्हणूनच तिला विरत जाताना दाखवता येत नाही, कारण विरायला काही उरतच नाही. यावर उपाय म्हणून व्ह्यू (Vue) या रिॲक्टसारख्याच दुसऱ्या साधनातला ट्रान्झिशन घटक किंवा रिॲक्टसोबत वापरल्या जाणाऱ्या फ्रेमर मोशन या ॲनिमेशन लायब्ररीतला ॲनिमेट प्रेझेन्स गेलेल्या घटकाला ॲनिमेशन संपेपर्यंत धरून ठेवतो. माहितीत नसलेली पण पडद्यावर असलेली ही अवस्था वसुबंधूंच्या अभिधर्मकोशातील 'अंतराभव', म्हणजे मृत्यू आणि पुनर्जन्म यांमधली स्थिती, हिची आठवण करून देते, फक्त येथे पुढचा जन्म नसतो.

उरतो तो तुलना करणारा. जुने आणि नवे एकत्र धरणारा कोणी टिकून असल्याशिवाय 'हे तेच' असे म्हणता येत नाही, हा न्यायदर्शनाचा आत्म्याच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद येथे लायब्ररीला तंतोतंत लागू पडतो. रिॲक्टची अंतर्गत रचना मात्र बौद्धाला उत्तर पुरवते: तिच्यात चालू आणि घडता असे घटकांचे दोन वृक्ष असतात, जुन्यातली स्मृती नव्याकडे सोपवली जाते आणि काम पुरे झाले की दोघांच्या भूमिका बदलतात, म्हणजे एकच एक स्मरणारा शोधावा लागत नाही, वासनेचे, म्हणजे आधीच्या अनुभवाने मागे ठेवलेल्या संस्काराचे, संक्रमण पुरते. हे सोपवणे ज्या नियमाने चालते तो नियम स्वतः क्षणिक आहे काय, असे विचारण्याची मुभा नैयायिकाला अजूनही आहे, आणि या प्रश्नाला रत्नकीर्तीच्या पक्षाकडून 'नियम ही केवळ कल्पना आहे' यापलीकडचे उत्तर येणे कठीण आहे.