वेदनाशामक गोळी आणि दयाळू शोमरोनी



दुःख सोसणे पुण्याचे, मग वेदनाशामक गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे का? आजाऱ्याच्या घरी हा प्रश्न कधीतरी निघतोच. ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांना सांगितले होते की, ख्रिस्ती माणसाने वेदना कमी करणारे औषध घेण्यात गैर नाही. दुसरा उपाय नसेल आणि हेतू मरण आणण्याचा नसेल, तर त्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही ते घेता येते.

मग अशा गोळ्यांनी अमेरिकेत इतकी माणसे का मेली? तिथे १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या वर्गातील गोळी बाजारात आली. व्यसनाचा धोका कमी आहे असे डॉक्टरांना पटवण्यात आले आणि साध्या पाठदुखीलाही ती लिहून दिली जाऊ लागली. दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. तरी २०१७ या एका वर्षात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या अशा औषधांचा वाटा असलेले १७ हजारांहून अधिक मृत्यू तिथे नोंदले गेले. ही औषधे श्वास मंद करतात. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल, तर माणूस झोपेतच जाऊ शकतो.

कंपनीचा लोभ हे पाप खरेच. पण चिठ्ठी लिहून पुढच्या रुग्णाकडे वळणारा डॉक्टर, आणि गोळी दिली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानणारे घर, यांचे काय?

प्रभू येशूने सांगितलेला शोमरोनी आठवा. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, म्हणजे वेदना शमवली. पण तो तिथे थांबला नाही. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले आणि परत येईन असे सांगून गेला. औषध देणे ही दयेची सुरुवात आहे. पुन्हा येऊन विचारपूस केली की ती पूर्ण होते.

गोळ्यांवर बंदी हेही उत्तर नव्हे. आपल्या देशात १९८५ च्या कडक कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे कठीण झाले. २०१४ साली तो थोडा सैल करावा लागला. भीतीपोटी रुग्णाला तळमळत ठेवणे हीदेखील निर्दयताच.

म्हणून एकाला लिहून दिलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा वाढवू नका. उरलेल्या गोळ्या कपाटात साठवू नका. आणि या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एखाद्या आजाऱ्याकडे जा, थोडा वेळ बसा. दुखणे कसे आहे, झोप लागते का, कोणती गोळी कधी घेता, एवढे विचारा. निघताना पुन्हा येण्याचा दिवस सांगा, आणि त्या दिवशी जा.