लसणाच्या पातीपाशी

पौषातली सकाळ आहे. लसणाच्या वाफ्याच्या कडेला, वरंब्यावर बसा.

पाय सैल सोडा. घाई नको.

एक पात निवडा. एकच. चपटी, मधोमध किंचित दुमडलेली, टोकाकडे निमुळती. तिच्यावर दव आहे. ऊन अजून तिच्यापर्यंत आलेलं नाही.

श्वास आत घ्या. श्वास सोडा. नजर त्या पातीवरच राहू द्या.

आता नजर हळूच खाली न्या. पातीवरून मानेशी, मानेवरून मातीशी. माती ओली आहे. रात्री पाटाचं पाणी फिरून गेलंय.

त्या ओलीत गंधक आहे.

तो पिवळा दिसत नाही. तो पाण्यात विरघळलेला आहे, सल्फेट होऊन. मधे गंधकाचा एक अणू, भोवती ऑक्सिजनचे चार. रंग नाही, वास नाही. शेणखतातून, कुजलेल्या पाल्यातून सूक्ष्मजीवांनी त्याला मोकळं केलंय.

त्याच्यावर ऋण भार आहे. काळ्या मातीच्या चिकण कणांवरही ऋण भार आहे. म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे तो जातो. एक मोठा पाऊस पडला, की मुळांच्या खाली निघून जातो.

आत्ता मात्र तो इथे आहे, मुळाला लागून.

तिथे थांबा.

मुळाच्या पेशीतही ऋण भारच आहे. सल्फेटला नुसतं झिरपून आत जाता येत नाही. पेशीच्या पापुद्र्यात त्याच्यासाठी प्रथिनांची दारं आहेत. हायड्रोजनचे धन कण त्या दारांतून आत शिरतात, आणि त्यांच्या सोबतीनं सल्फेट शिरतो.

एक. मग आणखी एक.

पाण्याबरोबर तो वर चढतो. मानेतून, पातीतून. काही सल्फेट पेशीच्या रिक्तिकेत साठून राहतो. काही हरितलवकात जातो.

आता वर पाहा. ऊन पातीवर आलंय.

दव चमकतं. हिरवा रंग उजळतो. काही करू नका, फक्त पाहा.

सल्फेट स्वस्थ असतो. चार ऑक्सिजन घट्ट धरून असतो, सहजी कशाशी जोडला जात नाही. त्याला जागं करायला पेशी एटीपीचा एक रेणू मोडते आणि त्यातला तुकडा सल्फेटला जोडते. मग त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळतात. एक ऑक्सिजन सुटतो. उरतो सल्फाइट.

ते दोन इलेक्ट्रॉन ग्लुटाथायोन देतं. आणि ग्लुटाथायोन बनतं सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लापासून.

इथे जरा रेंगाळा. या सगळ्या खटपटीतून पेशीला शेवटी सिस्टीनच बनवायचंय, आणि ते बनवायला आधीचं सिस्टीन लागतंय.

मग या रोपाला पहिलं सिस्टीन कुणी दिलं? लावलेल्या पाकळीनं. त्या पाकळीला तिच्या आधीच्या गड्ड्यानं, त्या गड्ड्याला त्याच्या आधीच्या पाकळीनं. शेतातला लसूण बियांवर वाढत नाही. पाकळीतून पाकळी येते, आणि प्रत्येक पाकळी ही शिदोरी बरोबर घेऊन मातीत उतरते. मला या विचारापाशी दर वेळी थांबावंसं वाटतं. तुम्हीही थांबा.

श्वास आत घ्या. श्वास सोडा.

सल्फाइटला अजून सहा इलेक्ट्रॉन हवेत. ते उजेडातून येतात. ऊन हरितद्रव्यावर पडतं, इलेक्ट्रॉन हलतात, आणि फेरेडॉक्सिन नावाचं छोटं प्रथिन त्यांना एकेक करून पोचवतं. ज्या विकराकडे ते पोचतात, त्याच्या गाभ्यात लोह आहे. लोहाशेजारी गंधकही आहे. गंधकाला बदलायला गंधकच लागतो.

सहा श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला एक इलेक्ट्रॉन.

एक.

दोन.

तीन.

चार.

पाच.

सहा.

आता एकही ऑक्सिजन उरलेला नाही. सल्फाइड तयार झालंय. वायू होऊन सुटलं असतं, तर सडक्या अंड्यासारखा वास आला असता. साठलं तर पेशीला ते विष आहे. पण त्याला रेंगाळायला वेळच मिळत नाही. जवळ सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल आहे, ॲसिटिल गट लेवून तयार. ॲसिटिल गट सुटतो, त्याच्या जागी गंधक येतो.

सिस्टीन.

कार्बनला लागून एक गंधक, गंधकाला लागून एक हायड्रोजन. इतकंच. हे शेवटचं पाऊल एकाच जागी पडतं असंही नाही. हरितलवकात पडतं, तंतुकणिकेत पडतं, पेशीद्रवातही पडतं.

आता आपला अंगठा पाहा. नखावरून दुसऱ्या हाताचं बोट हळू फिरवा.

नख टणक आहे, कारण त्यातल्या केराटिनमध्ये सिस्टीन भरपूर आहे. दोन सिस्टीनांचे गंधक एकमेकांना जोडले जातात आणि प्रथिनाचे धागे बांधले जातात. केसांतही तेच. आपल्या शरीराला सल्फेटपासून सिस्टीन करता येत नाही. आपण ते अन्नातल्या मेथिओनिनपासून करतो, किंवा थेट अन्नातून घेतो. म्हणजे डाळीतून, भाकरीतून, चारा खाल्लेल्या गाईच्या दुधातून.

बोट नखावर ठेवूनच पुन्हा पातीकडे पाहा. काम चालूच आहे. ऊन आहे तोवर जोरात चालेल.

लसूण सिस्टीनपासून आणखी एक पदार्थ करतो, ॲलीन. आधी पातीत साठवतो, गड्डा भरू लागला की खाली पाठवतो. ॲलीनला वास नाही. त्याला फोडणारं ॲलिनेज हे विकर रिक्तिकेत वेगळं ठेवलेलं असतं. पात धड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही.

आता पातीचं टोक खुडा. बोटांत चुरगळा.

पेशी फुटतात. विकर ॲलीनपर्यंत पोचतं. काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं, त्याच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे दोन अणू.

बोटं नाकाशी न्या आणि खोल श्वास घ्या. झणका थेट टाळूपर्यंत जातो.