सरण, सारण आणि पैनगंगा

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या अवघ्या दीडशे श्लोकांच्या ग्रंथात श्रावकाचं सगळं आयुष्य बसवलं आहे. त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात, शेवटचा प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडपाला तोडणं. इथपर्यंत स्वाध्यायात आम्ही सगळ्याजणी माना डोलावतो. पुढे आचार्य आणखी दोन शब्द घालतात, ‘सरण’ आणि ‘सारण’. मराठीत एक चितेचं आणि दुसरं करंजीचं, म्हणून दरवेळी हसू येतंच. पण अर्थ असा, की स्वतः उगीच हिंडणं आणि दुसऱ्यालाही हिंडायला लावणं.

वैशाखात नार्नूरहून आम्ही आठजणी एक दिवस पैनगंगेवर गेलो, तेव्हा मंदिरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी हेच दोन शब्द आमच्यापुढे ठेवले. “तीर्थाला निघाल्या असत्या तर गोष्ट वेगळी. कोरडी नदी बघायला कशाला जायचं गं?”

बाई व्रती आहेत, उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणून प्रश्न मनात राहिला. श्लोकात ‘विफल’ असा शब्द आहे. ज्याला फळ नाही ते. पण फळ आहे की नाही हे ठरवायचं कुणी? घरातला पुरुष कापसाचा भाव बघायला आदिलाबादला जातो, न विकता परत येतो, मधे दोन तास हॉटेलात चहा पीत बसतो. त्याला सरण म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही. बाई मात्र घराबाहेर पडली की परत येताना तिच्या पिशवीत काय आहे ते बघतात. भाजी, औषध, निदान प्रसाद. आठजणी नुसत्या बसल्या, बोलल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकून घरी आल्या, याला पिशवीत जागा नाही. माप लावायचं तर दोघांना एकच लावा, एवढंच माझं म्हणणं.

पण हा अर्धाच भाग झाला, आणि सोपा अर्धा. अवघड शब्द सारण आहे.

पैनगंगा बुलढाण्याकडे उगम पावते आणि वर्धा नदीला जाऊन मिळते. आदिलाबादच्या पुढे नागपूरला जाताना महामार्गाच्या पुलाखाली जी लागते ती हीच. महाराष्ट्राची आणि आपल्या जिल्ह्याची शीव. वैशाखात तिथे पाणी नसतं, वाळवंट असतं. मराठी किती शहाणी आहे बघा, नदीतल्या वाळूलाही वाळवंट म्हणते आणि मारवाडातल्या मरुभूमीलाही. वर पाय ठेववत नाही इतकी वाळू तापते, पण हातभर उकरलं की ओल लागते. पावसाळ्यातलं पाणी वाळूच्या पोटात राहतं, ऊन तिथवर पोचत नाही. जिथून ट्रॅक्टरनं वाळू उपसली, तिथे ही पोटातली साठवणही जाते.

तिथे एक बाई झिऱ्याशी बसली होती. करवंटीनं पाणी काढायचं, फडक्यातून घागरीत ओतायचं. चार-सहा करवंट्या झाल्या की झिरा रिकामा, मग तो भरेपर्यंत थांबायचं. आमच्याकडे कॅनचं पाणी होतं. पण आमच्यातल्या दोघींचा बाजारचं पाणी न पिण्याचा नियम. त्यांनी झिऱ्याचं पाणी मागितलं. “घ्या ना बाई, येते अजून,” म्हणून तिनं स्वतःची घागर बाजूला सरकवली. आमचे दोन गडवे भरले. पैसे घेतले नाहीत, दशम्या घेतल्या. आणि पुढचा अर्धा-पाऊण तास ती उन्हात तिथेच बसून राहिली, घागर भरायला. आम्ही तिला हिंडायला लावलं नाही, बसवून ठेवलं. सारणाच्या व्याख्येत हे बसत नाही, पण मला ते त्याच कुळातलं वाटतं.

त्याच जागी दुसरंही घडलं. मैत्रिणीनं दुहेरी कापडातून पाणी गाळलं आणि कापड उलटं करून, थोड्या पाण्यानं खंगाळून, जिवाणी हळूच त्याच झिऱ्यात सोडली. नंतर बराच वेळ ती बोलली नाही. आमच्या आयांच्या वेळी विहिरी होत्या, कडीची बादली होती. जिवाणी पार पाण्यापर्यंत खाली उतरवून अलगद सोडायची. आता बोअर आहे. गाळतो आम्ही आजही, पण गाळून झाल्यावर कापडातले जीव परत करायचे कुठे? दोनशे फूट पाइपातून खाली काही सोडता येत नाही. नाली त्यांचं घर नव्हे. कितीतरी वर्षांनी तिची जिवाणी जिथून आली तिथे परत गेली होती.

हे फळ नव्हे असं मी म्हणणार नाही. पण या फळानं त्या बाईचा पाऊण तास फिटतो, असंही म्हणणार नाही. ही दोन वेगळी खाती आहेत, एकातून दुसरं वजा होत नाही.

आपल्या शेजारचे मेसराम गोंड आठवतात. पुष्य अमावास्येच्या आधी ते जन्नारमकडे गोदावरीपर्यंत पायी जातात आणि केस्लापूरच्या नागोबासाठी कलशातून पाणी आणतात. केवढं ते चालणं, तेही पाण्यासाठीच! पण त्याचा भार त्यांच्या स्वतःच्या पायांवर असतो. आमचा भार जीपवर होता, आणि थोडा त्या झिऱ्यावर.

आता एकीचं म्हणणं आहे, नदी वाहती असताना जाऊ या, म्हणजे कुणाला थांबवून ठेवायला नको. पण नदी भरून वाहते तेव्हा चातुर्मास असतो आणि नियमवाल्या बायका गाव सोडत नाहीत. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचा दिवस ठरतो आहे; पैनगंगेला तेव्हाही थोडं पाणी असतं. ज्येष्ठ बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “सरण ते सरणच.” यादीत आम्ही त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना दिसलं. खोडायला मात्र त्यांनी सांगितलेलं नाही.