फोटो नक्की कुणाचा?

१८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत ओसाड दिसतो. एका फोटोला तेव्हा काही मिनिटं लागायची, तेवढ्यात चालती माणसं आणि घोडागाड्या उमटल्याशिवायच निघून गेल्या. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. फोटोत आलेला बहुधा हा पहिलाच माणूस, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

१८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला आणि कुणीही कुणाचाही फोटो काढू लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या अबिगेल रॉबर्सन या तरुणीचा चेहरा तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये हरली. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला: धंद्यासाठी कुणाचा फोटो वापरायचा तर लेखी परवानगी हवी.

पण घरात काय करायचं?

आजी हॉस्पिटलमध्ये असताना मी तिचा फोटो काढला होता. ऑक्सिजनचा मास्क, विस्कटलेले केस, डोळे मिटलेले. ‘आज बरी आहे’ असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला. हेतू चांगलाच होता, सगळे काळजीत होते. पण हीच आजी एरवी फोटो म्हटलं की आधी केसांवरून कंगवा फिरवायची, पदर नीट करायची आणि मगच ‘हं, काढ’ म्हणायची. तिचं ते ‘हं’ म्हणजेच परवानगी होती, हे मला फार उशिरा कळलं.

ती गेल्यावर मी तो फोटो माझ्या फोनमधून काढून टाकला. कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे याचा उपयोग किती ते मला ठाऊक आहे. ग्रुपवरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची प्रत आहे, बॅकअपमध्ये आणखी एक.

प्रत्येक वेळी विचारणं शक्य नसतं, हे मान्य. अन्यायाचे कित्येक पुरावे न विचारता काढलेल्या फोटोंमुळेच टिकले. पण तिथे फोटो त्या माणसाच्या बाजूने उभा असतो. माझा फोटो आजीच्या बाजूने नव्हता, माझ्या सोयीचा होता. ‘आजी बरी आहे’ एवढे शब्द पुरले असते.

आता फोटो पाठवण्याआधी मी एवढंच बघतो: हा माणूस जागा असता, तर ‘हं’ म्हणाला असता का?